काठोकाठ भरलेली गादी

बाबांना दवाखान्यातून घरी सोडायच्या दोन दिवस आधी डॉक्टरांनी मला आणि दादाला पलंगापाशी बोलावलं. दादाला सांगून बाबांना कुशीवर वळवलं आणि कमरेच्या खाली, माकडहाडावर, एक लाल डाग दाखवला. रुपयाएवढा असेल. त्यांनी त्यावर अंगठा दाबून उचलला. दाबलेली जागा क्षणभर पांढरी झाली आणि पुन्हा लाल झाली.

“पांढरी होतेय तोवर ठीक,” ते म्हणाले. “दाबूनही लालच राहिली तर आत बिघडलं समजा. आणि कातडी फुटली तर फार अवघड होतं. लकव्यातून माणूस उठतो, या जखमेतून उठत नाही. दोन-दोन तासांनी कूस बदला. आणि गादी नीट बघून घ्या, काहीतरी आणू नका.”

बाबा ऐकत होते. त्यांची उजवी बाजू गेली होती आणि तिच्याबरोबर बोलणंही गेलं होतं. कळत सगळं होतं, पण तोंडातून नुसता घशातला आवाज यायचा. आम्ही तिघं त्यांच्या पाठीबद्दल त्यांच्यासमोरच बोलत होतो, जणू ते बाहेर कुठेतरी गेले होते.

तेव्हा आम्ही बदलापूरला बेलवलीत राहायचो. नव्वदच्या आगेमागेची गोष्ट. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. एके सकाळी कामावर निघताना चपलेत पाय घालता घालता ते ओट्यावरच बसले, आणि मग आडवे झाले. मी अंबरनाथलाच एका ऑफिसात टायपिस्ट होते, दादा ठाण्याला नोकरीला होता, आई घरी. गादी आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या घरात खरेदी म्हणजे मी. मडकं वाजवल्याशिवाय घेत नसे, साडी उलटी करून बघितल्याशिवाय घेत नसे. “हिला कोण फसवणार? हीच दुकानदाराला रडवून येते,” असं आई शेजारी कौतुकाने सांगायची आणि मला ते आवडायचं. ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ ही म्हण मी तेव्हा दुसऱ्यांवरच वापरत असे.

गादीचं नाव काढल्याबरोबर घरादाराला मतं फुटली. आईला कापसाची हवी होती. कापूस पिंजून, नवी शिवून, मऊ. दादा म्हणाला, “ती ओली झाली तर वाळवणार कुठे? बाबांना मोरीत नेता येणार आहे का?” समोरच्या काकांनी ओट्यावरूनच निकाल दिला की पाठीच्या माणसाला फळीच चांगली, त्यांच्या चुलत्याला वर्षभर फळीवर ठेवलं होतं. पुढे चुलत्याचं काय झालं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वॉर्डात एक आयाबाई होती, आम्ही तिला मावशी म्हणायचो. अंबरनाथलाच राहायची. लकव्याचे कितीतरी पेशंट तिच्या हाताखालून गेले होते. ती म्हणाली, “ताई, पान्याची गादी बघा. क्यांपात भाड्यानं मिलते. पाठ वाचंल.”

या बोलण्यातच एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत डिस्चार्ज होता. गादी त्याआधी घरात पाहिजे होती. म्हणून ऑफिस सुटल्यावर मी थेट उल्हासनगरला गेले आणि शेअर रिक्षाने कॅम्प तीनमध्ये उतरले.

दुकान अरुंद आणि लांब होतं. पुढे सोफ्याची रेक्झिनं शिवायचं मशीन, मागे कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, लोखंडी पलंग. मालक सिंधी, साठीचा, जाड चष्मा, गळ्यात शिंप्याची टेप. मी काय हवं ते सांगितलं. त्याने आधी गादी दाखवली नाही. बाबांचं वजन किती, किती दिवस झाले, पाठीला काही झालंय का, हे विचारलं. मला वाटलं, गरज किती आहे ते बघतोय, म्हणजे भाव तेवढा चढवता येईल.

मग त्याने एकेक माल दाखवला. काथ्याची गादी मी मुठीने ठोकली. ती फळीपेक्षा बरी, एवढंच. फोमची होती, वर हिरवं रेक्झिन चढवलेली. ती मऊ होती, पण मी त्यावर पाच मिनिटं हात ठेवला तर तळव्याला घाम आला. त्यानेच मान हलवली. “गर्मी करेगा बेटी. चमड़ी गीली रही तो और जल्दी फटेगी.” विजेच्या पंपावर चालणारी हवेची गादी त्याच्याकडे एकच होती आणि ती कोणीतरी नेलेली होती. असती तरी उपयोग नव्हता. आमच्याकडे लाईट आठवड्यातून एक दिवस तरी जायची आणि संध्याकाळी परत येईल याची खात्री नसायची. शेवटी त्याने फळीवरून एक जाड, काळपट रबराची गुंडाळी काढली आणि फरशीवर उलगडली. पाण्याची गादी. माणसाच्या लांबीची, एका टोकाला पितळी बूच.

मी गुडघ्यावर बसून ती सगळी तपासली. कडेच्या जोडाजवळ, वरच्या अंगाला, तळहाताएवढा पॅच मारलेला होता.

“हे काय आहे?”

“पुराना पंक्चर है. पक्का बना हुआ है, मैंने खुद किया है,” तो म्हणाला. मग गुंडाळी करता करता म्हणाला, “आधा ही भरना, बेटी. आधे से थोड़ा ऊपर. पूरा मत भरना.”

हे त्याने एकदाच सांगितलं, सहज, सुतळी बांधत असताना. मी ऐकलं. अगदी स्वच्छ ऐकलं, म्हणूनच आज हे लिहिते आहे. आणि ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की पॅच वरच्या अंगाला आहे, म्हणून हा अर्धी भरायला सांगतोय. पाणी तिथवर पोचलंच नाही तर गळणार कसं? मनातल्या मनात मी त्याला पकडला होता. घरी नेऊन पूर्ण भरायची, गळली तर उद्या आणून तोंडावर मारायची, असं मी रिक्षात बसेपर्यंत ठरवून टाकलं होतं.

बेलवलीत तेव्हा पाणी सकाळी पाऊण तास यायचं. त्या पाऊण तासात घरातलं पिंप, हंडे, बादल्या, पातेली, अगदी प्यायचा तांब्यासुद्धा काठोकाठ भरायचा. अर्धी बादली दिसली की आई म्हणायची, “ही अर्धी का ठेवलीस? आज पाहुणी म्हणून आलीयेस का?” लहानपणापासून आम्हाला एवढंच ठाऊक होतं की भांडं भरलेलं असतं किंवा रिकामं असतं, मधलं काही नसतं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी पलंगावर गादी पसरली, बुचात नरसाळं घातलं आणि ओतायला लागले. शेजारच्या काकूंनी त्यांचे दोन हंडे दिले. पंधराव्या बादलीला गादी गच्च झाली. वर अर्धी बादली आणखी दाबून घातली आणि बूच पिळलं. पॅचभोवती कोरडा फडका फिरवला. थेंब नव्हता. तासाभराने पुन्हा फिरवला, तरी नव्हता. मी तिच्यावर थाप मारली तर चांगल्या पक्क्या मडक्यासारखा आवाज आला. मला खरंच आनंद झाला.

“झकास,” दादा म्हणाला. “चादर बघ कशी ताठ बसली.”

गळत नाही हे कळल्यावर पाणी काढून टाकायला हवं होतं का? हो. तो विचार मनात आला होता का? खोटं कशाला सांगू, आला होता. पण सात-आठ बादल्या पाणी मोरीत सोडून द्यायला हात झाला नसता, आणि अकराला बाबा घरी आले, चौघांनी उचलून त्यांना वर ठेवलं, मग तो विषयच संपला.

रोज सकाळी अंग पुसताना मी अंगठा लावायची. दाबायची, उचलायची, आणि पांढरं होईपर्यंत श्वास रोखून धरायची. पांढरं व्हायचं. मग मी आईला “ठीक आहे” म्हणून सांगायची आणि आई चहा टाकायची. घड्याळ लावून कूस बदलायचो. दिवसा आई आणि शेजारच्या काकू, संध्याकाळपासून सकाळपर्यंत मी आणि दादा. एवढी काळजी घेतल्यावर काही होणार नाही, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून बाबा डाव्या हाताने गादीवर थाप मारायला लागले. थप, थप, थप. थांबायचे आणि पुन्हा सुरू. आईला वाटलं, माणूस जवळ बसायला हवंय. ती जाऊन बसायची. दादाला वाटलं, कंटाळलेत; त्याने उशाशी रेडिओ लावून दिला. गाण्याबरोबर थापा चालूच राहिल्या तेव्हा दादा हसला, म्हणाला, “ठेका धरलाय बघ बाबांनी.” मीही हसले. बाबांनी दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि हात खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत राग होता. राग मला दिसला होता, पण आजारी माणूस चिडचिडा होतो, असं सगळेच सांगत होते.

नवव्या सकाळी अंगठा उचलला तर डाग लालच राहिला. मी पुन्हा दाबला. पुन्हा लाल. चहा तयार आहे म्हणून आईने हाक मारली तेव्हा मी तिसऱ्यांदा दाबत होते. त्या दिवशी आम्ही त्यांना पाठीवर ठेवलंच नाही, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करत राहिलो. अकराव्या दिवशी चादरीला पाणचट, गुलाबी डाग लागला. कातडी फुटली होती.

दादा धावत अंबरनाथला जाऊन मावशीला घेऊन आला. तिने आधी हात धुतले, जखम बघितली. मग तळहात वर करून बाबांच्या कमरेखाली, चादर आणि गादीच्या मधून सरकवायला गेली. हात जाईना. तिने गादीवर बोट वाजवलं.

“येवढी कोनी भरली?” ती म्हणाली. “ही गादी ऱ्हायली का? ही फळी झाली. अर्धी भरायची असती, मंग मानूस बुडतो तिच्यात. येवढे दिवस मानसाला दगडावर ठेवलाव तुमी.”

खोलीत आई होती, दादा होता. दोघांनी माझ्याकडे बघितलं. बघण्यात आरोप नव्हता, फक्त प्रश्न होता. गादी मी आणली, मी भरली, तर मलाच माहीत असणार. मी म्हटलं, “दुकानदाराने भरून घ्या म्हणून सांगितलं.”

हे वाक्य मी ठरवून बोलले नाही. पण बोलल्यावर परत घेण्यासाठी मला पुष्कळ वेळ होता. मावशीने बूच सैल करून पाणी मोरीत सोडायला सुरुवात केली आणि ते किती वेळ वाहत होतं. तेवढ्या वेळात मी दहादा बोलू शकले असते. मी फडका घेऊन फरशी पुसत राहिले.

रविवारी दादा मला घेऊन कॅम्प तीनला गेला. गादी परत करायची नव्हती, ती आता नीट झाली होती. त्याला भांडायचं होतं. वाटेत मी दोन-तीनदा म्हटलं, जाऊ दे ना, काय उपयोग. तो म्हणाला, “का जाऊ दे? माझा बाप पडलाय तिथे.”

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. दादा पायरीवरूनच सुरू झाला. “चोर आहेस तू. नीट सांगता येत नाही तर धंदा कशाला करतो? आदमी मर जाता तो?” मालकाने चष्मा वर केला, आधी दादाकडे आणि मग दादाच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं.

“मैंने तो आधा भरने को बोला था,” तो म्हणाला. “बेटी, बोला था ना?”

सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं. मशीनवरचा कारागीरसुद्धा पाय थांबवून बसला होता.

“नहीं बोला था,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली. “हो सकता है,” तो म्हणाला. “उम्र हो गयी है, भूल गया हूँगा. माफ़ करना, साईं. भाड़ा मत देना जब तक बाबा ठीक नहीं होते.” दादाचा आवाज उतरला. एक बाई हातातला कमोड तसाच ठेवून दुकानातून निघून गेली. आम्हीही निघालो.

पुढचे तीन महिने मावशी दिवसाआड ड्रेसिंगला यायची. जखम खोल होती. ती कापसाने पुसायची तेव्हा बाबांचा डावा हात पलंगाची पट्टी धरायचा आणि बोटं पांढरी पडायची. मी पाय धरून बसायची. कधी वास आला तर मावशी नाक न मुरडता जास्त वेळ बसायची, आणि त्या दिवशी आई जेवायची नाही. ताप आला की डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानात यायचं. बाबा गेले असते तर मीच त्यांना मारलं असतं. हे मी तेव्हा असंच्या असं, याच शब्दांत मनाशी म्हणत होते.

कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. एका दुपारी आई रेशनला गेली होती. मी हाफ डे टाकून घरी आले होते. बाबांना कुशीवर वळवून त्यांच्या तोंडासमोर बसले आणि सगळं सांगितलं. तो अर्धी भर म्हणाला होता. मी ऐकलं होतं. मावशीसमोर खोटं बोलले, मग दुकानात जाऊन पुन्हा बोलले. माझा हात त्यांच्या हातावर होता. त्यांनी आपला हात काढून घेतला आणि डोळे मिटले.

मी त्यांनाच का सांगितलं, हे मला तेव्हा कळलं नाही असं नाही. घरात सगळ्यात जास्त त्रास ज्याला झाला त्याला सांगितलं, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. पण खरं म्हणजे, ज्याला बोलता येत नव्हतं त्याला सांगितलं.

आमचं घर दीक्षा घेतलेलं. संध्याकाळी आई दिवा लावून त्रिशरण-पंचशील म्हणायची, आणि आजारपणातही तिने एक दिवस चुकवला नव्हता. जखम आकसायला लागली होती त्याच सुमाराला, एके संध्याकाळी, आईच्या आवाजाबरोबर दुसरा आवाज यायला लागला. घोगरा, अडखळता. आई थांबली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती म्हणत राहिली. बाबा तिच्या मागे मागे म्हणत होते. साधं पाणी मागता येत नव्हतं, पण हे सगळं ओळीने येत होतं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते बाबांनी म्हटलं तेव्हा मी भिंतीकडे बघत होते.

मावशी म्हणाली, पाठ असलेलं आधी येतं, बाकीचं मागून येईल. घरात दिवाळी झाली. दादाने पेढे वाटले. बाबा एक ते दहा मोजायला लागले, मग ‘चहा’ म्हणाले, ‘नको’ म्हणाले. प्रत्येक नव्या शब्दाला आई आणि दादा लहान मुलाला टाळ्या वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवायचे. मीही वाजवायची. ऑफिसातून मी धावत घरी यायची, म्हणजे ते काही बोलले तर मी तिथे असेन. त्यांनी बोलू नये असं मला वाटत होतं. माझ्या बापाला वाचा परत येऊ नये असं मला वाटत होतं, हे लिहायला मला तीस वर्षं लागली.

शेवटचं ड्रेसिंग झालं त्या दिवशी मावशीने जखमेच्या जागी नवी, गुलाबी कातडी आम्हाला दाखवली. अंगठा लावून दाखवला. पांढरी झाली, पुन्हा गुलाबी झाली. आईने मावशीच्या हातात साडी ठेवली. दादा पलंगाच्या कडेला बसून बाबांचे केस मागे सारत म्हणाला, “वाचले बाबा. त्या कॅम्पातल्या चोराने तर मारलंच होतं.”

बाबांनी डोकं हलवून दादाचा हात बाजूला केला.

“चोर... नाय,” ते म्हणाले.

आम्ही सगळे थांबलो. इतके दिवस ते मागायचं तेवढंच बोलायचे. हे मागणं नव्हतं.

“काय म्हणालात?” दादाने विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. तोंड वाकडं झालं, ओठ दोनदा उघडून मिटले. आता सांगतील, आणि आई इथेच उभी आहे, एवढंच मला सुचत होतं.

“हिला... दुकानात... पाठव.”

“कशाला? काय आणायचंय?”

“काय नाय... आणायचं.” त्यांनी दम घेतला. “एकटी... जाऊ दे.”

दादा माझ्याकडे बघायला लागला. “काय गं? काय प्रकार आहे?” मी म्हटलं, “येऊन सांगते.” बाबा पुढे काही बोलले नाहीत. ते बोलू शकत होते. त्यांना शब्द सापडले असते, तेवढा वेळ आम्ही सगळे थांबलो असतो.

मी अंगावरच्या कपड्यांतच निघाले. उल्हासनगरला उतरून रिक्षा केली. दुकानात पोचले तेव्हा मालक आणि मशीनवरचा कारागीर असे दोघेच होते. बोलून मोकळं व्हायला वेळ बरा होता. पण दादा ओरडला होता तो गिऱ्हाइकांसमोर, म्हणून मी कुबड्यांजवळ उभी राहिले. मालकाने बैस म्हटलं तरी बसले नाही. पाव तासाने एक जोडपं चाकाची खुर्ची बघायला आलं. मग एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांच्यासमोर मी मालकाला म्हटलं, “आपने आधा भरने को बोला था. मैंने सुना था. उस दिन मैं झूठ बोली.”

जोडप्यातली बाई माझ्याकडे बघायला लागली. मालक रेक्झिनची घडी घालत होता, ती त्याने पूर्ण घातली.

“मालूम है, बेटी,” तो म्हणाला. “तेरा भाई बहुत गरम था. मैंने सोचा, घर में बीमार पड़ा है, एक झगड़ा कम हो.”

मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. त्याने कारागिराला पाणी आणायला सांगितलं. ग्लास माझ्या हातात आल्यावर त्याने विचारलं, “बाबा कैसे हैं?”

“बोलने लगे हैं,” मी म्हटलं. “उन्होंने ही भेजा है.”